एक बटण दाबताच छतावरचे दोन्ही दिवे लागत होते: माझा अनुभव

दोन दिव्यांना दोन स्वतंत्र वायरलेस रिसीव्हर (बिनतारी बटणाचा संकेत घेऊन दिवा लावणारे छोटे यंत्र) बसवूनही कोणतेही बटण दाबले की दोन्ही दिवे एकदमच लागत. बटणांचे सेल बदलले, पेअरिंग (बटणाची रिसीव्हरशी जोडणी) तीनदा केले. शिडी चढून-उतरून अक्षरशः वैताग आला. दोष असा होता की एकाच एमसीबीवर (वीज तोडणाऱ्या मुख्य खटक्यावर) असल्यामुळे दोन्ही रिसीव्हर वीज येताच एकाच वेळी लर्निंग मोडमध्ये, म्हणजे नवे बटण ओळखून लक्षात ठेवण्याच्या स्थितीत, जात आणि दोघेही दाबलेल्या बटणाचा तोच कोड साठवत.

म्हणून एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री करून, दुसऱ्या रिसीव्हरची फेजची वायर सोडवली व तिच्या उघड्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळली. वीज सुरू केली, पहिल्याची जुनी मेमरी पुसली आणि त्याचा बारीक लाल दिवा लुकलुकत असतानाच पहिले बटण पेअर केले. पुन्हा एमसीबी बंद करून दुसऱ्याची फेजची वायर जोडली, पहिल्याची तशीच सोडवून टेप गुंडाळली आणि दुसऱ्या बटणासाठी हाच क्रम पाळला. शेवटी दोन्ही वायरी जोडून वीज सुरू केल्यावर लाल दिवे थांबेपर्यंत एकाही बटणाला हात लावला नाही, कारण माझी पहिली चूक नेमकी तिथेच झाली होती.