जुन्या गाडीचं इंजिन ऑइल आणि त्याची गळती : इंदूरच्या गाडीवाल्यांसाठी

गाडीखाली काळा डाग दिसला की इंदुरात ठरलेला सल्ला मिळतो : ‘भिया, गाढ़ा तेल डाल दो.’ जाड ऑइल टाकलं की महिनाभर डाग थोडा लहान होतो, आणि मग पुन्हा तेच. कारण गळती ऑइलच्या जाडीमुळे होत नाही. रबर कडक झालेलं असतं, पॅकिंग दबून चपटं झालेलं असतं किंवा इंजिनाच्या पोटात दाब साठलेला असतो. ऑइलचा ग्रेड, म्हणजे जाडीचा वर्ग, इंजिन आणि हवा बघून ठरवायचा. गळतीचा इलाज जिथून गळतंय तिथेच करायचा. या दोन कामांची गल्लत झाली की पैसे दोन्हीकडून जातात.

ग्रेड कसा ठरवायचा

डब्यावरच्या २०डब्ल्यू-५० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. २०डब्ल्यूचं ऑइल उणे १५ अंशांतही इंजिन फिरू देईल इतकं पातळ राहतं, १५डब्ल्यूचं उणे २० पर्यंत. इंदुरात डिसेंबर-जानेवारीची पहाट आठ-दहा अंशांची, फार तर पाचची. म्हणजे २०डब्ल्यूमुळे गाडी सुरूच होणार नाही असं इथे होत नाही. फरक पडतो तो पहिल्या काही सेकंदांत. १५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यूचं ऑइल वाल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज याच वेळात होते.

दुसरा आकडा गरम इंजिनातल्या जाडीचा, १०० अंशांवर मोजलेला. मे महिन्यात राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना, किंवा ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढताना हाच आकडा बेअरिंग सांभाळतो.

कार्ब्युरेटरची मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन अशा गाड्या चांगल्या अवस्थेत असतील तर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० पुरेसं आहे. लाखभर किलोमीटर झालेत, इंजिन थोडं ऑइल पितंय आणि गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय, तर २०डब्ल्यू-५० टाकायला हरकत नाही. पण त्याआधी ऑइलची पातळी तपासा आणि प्रेशर स्विच बदलून बघा, कारण दिवा लुकलुकण्यामागे अनेकदा हे दोघेच असतात. तरीही थांबलं नाही तर स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजून घ्या. दर हजार आरपीएमला साधारण दहा पीएसआय मिळत असेल तर बेअरिंग ठीक आहेत. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीला मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तोच. व्हीव्हीटी (वाल्व्हची वेळ बदलणाऱ्या) इंजिनात ५० चा ग्रेड कधीच टाकू नका. त्यातली वाल्व्ह टायमिंगची यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, आणि तिचे मार्ग बारीक असतात.

ग्रेडसोबत एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाचं) अक्षर बघा. पेट्रोलसाठी ‘एस’ने सुरू होणारी जोडी असते : एसएल २००१ ची, एसएम २००४ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. नवं अक्षर जुन्या इंजिनाला चालतं, उलट चालत नाही. अपवाद म्हणावा तर अँबॅसडर, पद्मिनी, जुनी जीप अशा पुशरॉडच्या, म्हणजे दांड्यांनी वाल्व्ह उघडणाऱ्या, इंजिनांचा. त्यांचे टॅपेट कॅमवर सरळ घासत चालतात आणि त्यांना झिंक-फॉस्फरसचं संरक्षण लागतं. एसएमपासून पातळ ३० ग्रेडमध्ये फॉस्फरसवरची मर्यादा आणखी कडक झाली, ४० आणि ५० च्या जाड ग्रेडवर ती नाही. म्हणून या गाड्यांना पातळ ऑइल कितीही महागाचं असलं तरी नको, २०डब्ल्यू-५०च बरं.

सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळायला लागते, हे अर्धंच खरं. सिंथेटिक सील खराब करत नाही. पण वर्षानुवर्षं साचलेला गाळ त्यातल्या डिटर्जंटने सुटतो, आणि त्या गाळानेच बुजलेली फट उघडी पडते. हे नव्या मिनरल ऑइलनेही होऊ शकतं. जुन्या मारुतीला सिंथेटिकची गरज नाही. तेच पैसे वेळेवर फिल्टर बदलण्यात घाला.

दुचाकीत कारचं ऑइल ओतू नका. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जॅसो (जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं हवं. कारच्या इंधन-बचतवाल्या ऑइलने क्लच घसरतो. गिअरलेस स्कूटरला एमबी चालतं.

आणि डबा सीलबंदच घ्या. ऑइल बदलून झालं की रिकाम्या डब्याला गॅरेजमध्येच भोक पाडा. नकली ऑइलवाल्यांना असे धड डबेच हवे असतात.

पातळी, आणि जास्त भरल्याचा त्रास

गाडी सपाट जागी उभी करा. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ पातळी हवी. वरच्या खुणेच्या पलीकडे नको, आणि इथेच गडबड होते. मारुती ८०० मध्ये फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं, पण बाजारात साडेतीन लिटरचा डबाही मिळतो. ‘आणलंय तर टाका सगळं’ म्हणून तो पूर्ण ओतला जातो. मग क्रँकशाफ्ट ऑइल घुसळते, फेस होतो, आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातला गॅस बाहेर काढणाऱ्या नळीतून) आणि सीलमधून बाहेर पडतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेल्या गळतीत पहिला संशय याचाच. दुसरा फिल्टरचा : जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर तिथून धार लागते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइल चोळा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, पुढे पाऊण फेरा. पाना लावायचा तो काढताना.

खप मोजायचा तर वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत किती लागतं ते बघा. जुन्या इंजिनात अडीचशे-तीनशे मिली समजण्यासारखं आहे. लिटरभर लागत असेल तर इंजिन उघडण्याची वेळ आली. खाली डाग नाही आणि ऑइल मात्र कमी होतंय, तर ते जळतंय. सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन थांबतो, किंवा भेरूघाट बडवाहकडे गिअरवर उतरून खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग सुटतो, ही वाल्व्ह सील गेल्याची खूण. चढावर जोर लावला की सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंग. वाल्व्ह सीलचं काम बरंच स्वस्त, म्हणून हा फरक ओळखल्याशिवाय ‘रिंग-पिस्टन करा’ला होकार देऊ नका.

गळती शोधणं

ऑइल खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे जिथे थेंब लटकतो तिथे गळती क्वचितच असते. शोधायचा तो सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग.

थंड इंजिनावर डिझेल आणि ब्रशने सगळी काजळी काढा. डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर आणि कॉइलवर आधी पॉलिथिन बांधा. रॉकेल किंवा पेट्रोल नको, गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ) ते धोक्याचं. कापडाने कोरडं करा आणि संशयाच्या जागांवर टाल्कम पावडरचा हलका थर मारा. पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवा, मग टॉर्च आणि लहान आरसा घेऊन बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली झाली ती जागा. रात्री खाली पुठ्ठा अंथरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणा करून ठेवा, म्हणजे डाग इंजिनाखाली आहे की गिअरबॉक्सखाली ते कळेल.

द्रव कोणता तेही तपासा. इंजिन ऑइल तपकिरी-काळं, बोटांना बुळबुळीत. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट हिरवं किंवा लाल, चिकटसर. ब्रेक ऑइल पातळ आणि बहुधा चाकाजवळ.

पॅकिंगच्या आधी ब्रीदर

हे बहुतेक ठिकाणी वगळलं जातं, म्हणून नवी पॅकिंगंही चार महिन्यांत गळतात. पिस्टनच्या बाजूने निसटलेला गॅस टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणावरच्या) नळीतून एअर फिल्टरकडे आणि पीसीव्ही वाल्व्हमधून (गॅस एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेतून) इनटेक मॅनिफोल्डमध्ये जातो. ही वाट काजळीने तुंबली की तो गॅस इंजिनाच्या पोटात साठतो आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. एकाच वेळी तीन-चार जागी गळती दिसली तर आधी ब्रीदर बघायचा.

आयडलिंगला ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर जाडसर कागद ठेवा. तो हलकासा आत ओढला जायला हवा. फडफडत वर उचलला गेला तर नळ्या काढून कार्ब क्लीनरने साफ करा. पीसीव्ही वाल्व्ह हलवल्यावर खुळखुळला पाहिजे, मुका असेल तर बदला. सगळं साफ करूनही कागद उडतच असेल, तर रिंगा झिजल्या आहेत आणि कोणतंही पॅकिंग टिकणार नाही. अशा गाडीत क्रँक सीलवर खर्च करणं वाया.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

सर्वांत जास्त गळणारी जागा ही, आणि घरी करता येणारं कामही हेच. लागतं काय : नवं रबर पॅकिंग, बोल्टखालचे रबर वॉशर, आरटीव्ही सिलिकॉनची छोटी ट्यूब, दहाची गोटी (सॉकेट), प्लास्टिकची पट्टी.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एअर फिल्टरचा डबा काढा, प्लगच्या वायरींवर नंबर टाका, ब्रीदरची नळी सोडवा. बोल्ट एकदम नको, सगळे थोडे थोडे सैल करा. कव्हर अडकलं तर लाकडाच्या तुकड्याने कडेला ठोका, स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. हेडच्या ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे हेडमध्ये पडू नयेत म्हणून स्वच्छ कापड ठेवा, सुती धाग्यांचा बोळा नको. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून कोरडे करा. कव्हर उलटं करून सपाट काचेवर ठेवा. डुगडुगत असेल तर ते आधी कुणीतरी जोरात आवळून वाकवलेलं आहे, तेव्हा कडा सरळ करूनच पुढे जा.

सिलिकॉन फक्त अर्धगोल कोपऱ्यांत, तुरीच्या डाळीएवढा ठिपका. सगळीकडे चोपडलं तर आतल्या बाजूला निघालेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनच जातं. पॅकिंग कव्हरच्या खाचेत नीट बसवा, बोल्ट हाताने टेकवा, मग मधून बाहेर, तिरक्या क्रमाने घट्ट करा. ताण फक्त पाच न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे लहान रॅचेट दोन बोटांनी ओढण्याइतका. अजून गळतंय म्हणून अजून आवळणं, यानेच कव्हर वाकतात. सिलिकॉन सुकेपर्यंत, शक्यतो रात्रभर, गाडी सुरू करू नका.

बाकीच्या जागा

डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग स्वस्त आहे. काढण्याआधी बॉडीवर खूण करा, नाहीतर टायमिंग हलेल. प्रेशर स्विचमधून, म्हणजे वायर लागते तिथून, ऑइल झिरपत असेल तर स्विचच बदला. ड्रेन प्लगला दर वेळी नवा वॉशर लावा आणि तो पस्तीस न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट करा, कारण चेंबरचा (खालच्या ऑइलच्या भांड्याचा) आटा गेला की काम वाढतं. पावसाळ्यात न दिसलेल्या गतिरोधकावर चेंबर घासलं असेल तर पॅकिंगला दोष देण्याआधी पत्र्यात चीर आहे का बघा. सोळा वाल्व्हच्या इंजिनात प्लगच्या खोबणीत ऑइल साचून मिसिंग येतं, तिथे प्लग ट्यूबचे सील बदलावे लागतात.

कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील टायमिंग बेल्टमागे असतं. ऑइल लागलेला बेल्ट फुगतो आणि अचानक तुटू शकतो, म्हणून ही गळती थांबवायची ती लगेच. बेल्ट बदलायची वेळ आलीच असेल तर दोन्ही सील सोबतच बदला, मजुरी एकदाच पडते. गरम मॅनिफोल्डवर पडणारी कोणतीही गळतीही लगेचची, कारण तिथे आग लागू शकते.

क्रँकचं मागचं सील वेगळं प्रकरण. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे सील शेकड्यात आणि मजुरी हजारांत. इथे थोडा हिशेब करा. दर दहा मिनिटांना एक थेंब म्हणजे दिवसाला १४४ थेंब, म्हणजे जेमतेम सहा मिली, महिन्याला पावणेदोनशेच्या आसपास. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका. दर रविवारी पातळी बघा आणि क्लच प्लेट बदलायची येईल तेव्हा सील घाला. क्लच घसरायला लागला, म्हणजे इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर मात्र थांबू नका.

‘लीक स्टॉप’च्या बाटल्या कडक झालेलं रबर थोडं फुगवतात. मागच्या सीलच्या झिरपण्यावर एखाद वेळी उपयोग होतो, फाटलेल्या पॅकिंगवर किंवा तुंबलेल्या ब्रीदरवर अजिबात नाही. वारंवार टाकलं तर चांगली सीलही मऊ पडतात.

दुरुस्तीनंतर पन्नास किलोमीटरवर आणि पुन्हा पाचशेवर जागा पुसून बघा. काढलेलं काळं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, कचरागाडीतही टाकू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्या, आणि जुना फिल्टर आधी रात्रभर उलटा ठेवून त्यातलंही त्याच कॅनमध्ये निथळू द्या.