चोर्ला घाटात अडणारी बुलेट

केरी सोडून घाट लागला, दुसऱ्या गियरमध्ये जरा ताणली, की माझी जुनी ३५० बुलेट (ओतीव लोखंडी इंजिनाची) फटफट करून दम टाकायची. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला. ढिम्म फरक नाही. शेवटी इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात) उतरवलं.

व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी बाहेरची नव्यापेक्षा जवळजवळ २ मिमी आखूड, आतलीला गंज. आपली खारी हवा, दुसरं काय! स्प्रिंग मऊ पडली की इंजिनाच्या जास्त फेऱ्यांना व्हॉल्व्ह कॅमच्या (त्याला उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) मागे राहतो, वेळेवर बंदच होत नाही.

म्हापशाचा मेस्त्री म्हणाला, "रेसिंगच्याच घाला." नको म्हटलं. कॅम मूळचाच आहे. फार कडक स्प्रिंग कॅम नि त्यावर टेकणारा टॅपेट खाते. किंचित कडक अशी आतली-बाहेरची जोडी घेतली.

खरा वेळ एकाच मापात गेला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही वेटोळ्यांमध्ये मिळून किमान १ मिमी जागा हवी, नाहीतर ती एकमेकांवर टेकतात आणि पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा) वाकतो. दाट वेटोळ्यांची बाजू हेडकडे ठेवली. स्प्रिंग व्हॉल्व्हवर धरून ठेवणारे छोटे लॉक ग्रीसने चिकटवून बसवले, पुशरॉडच्या भोकांत आधी फडकं कोंबून. मागे एकदा लॉक आत पडलं होतं, अख्खा रविवार गेला.

टॅपेट थंड इंजिनावर जुळवले: पुशरॉड बोटांनी फिरावा, वर-खाली हलू नये. शंभरेक किलोमीटरनंतर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासले. परवा बेळगावला जाऊन आलो, घाटात एकदाही अडली नाही.