सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नसेल तर काय तपासावे?

विंडोज संगणकावर एखादे सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना मध्येच अडले, तर तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडण्याआधी पडद्यावर आलेला संदेश आणि त्यातील क्रमांक जसाच्या तसा लिहून ठेवावा, कारण निदानाचा धागा बहुधा तिथेच सापडतो. १६१८ हा क्रमांक दुसरे इन्स्टॉलेशन आधीच चालू असल्याचे सांगतो; ते पूर्ण होऊ द्यावे किंवा संगणक रीस्टार्ट करावा. १६०३ मात्र अधिक त्रासदायक आहे, कारण तो केवळ गंभीर त्रुटी घडल्याचे कळवतो. त्यामागे अनेकदा तेच सॉफ्टवेअर आधीपासून संगणकावर असते, किंवा ज्या फोल्डरमध्ये ते जायचे आहे त्यावर ‘सिस्टिम’ या, विंडोज स्वतःच्या कामासाठी वापरत असलेल्या अंतर्गत खात्याला पूर्ण अधिकार नसतात. म्हणून आधी जुनी प्रत सेटिंग्जमधून काढावी आणि मग फोल्डरच्या परवानग्या पाहाव्यात.

६४ बिटचे सॉफ्टवेअर ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही, हेही तपासावे. सी ड्राइव्हवर मोकळी जागा हवीच. सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर टाकायचे असले तरी तात्पुरत्या फाइली सहसा सीवरच उलगडतात.

डाउनलोड अर्धवट झाल्याची शंका असल्यास फाइल निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून पुन्हा घ्यावी. तिथे एसएचए-२५६ संकेत (फाइलमधील मजकुरावरून काढलेली, तिची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची मालिका) दिलेला असेल, तर तो आपल्या फाइलच्या संकेताशी अक्षरशः जुळवून पाहावा. अँटिव्हायरस बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु फाइलची खात्री पटल्याशिवाय तसे मुळीच करू नये, असे माझे ठाम मत आहे.