पिशवी काढली म्हणजे सुटलो? या चुका टाळा

पाळी जाऊन सहा वर्षं झाली आणि परत अंगावरून लाल जायला लागलं, तर आमच्या खानापूर-निपाणीकडं उत्तर ठरलेलं: 'उष्णता झाली असंल, सब्जा खा.' त्यात महिने जातात. पाळी बंद झाल्यावर एकदाच डाग दिसला तरी दाखवायचं, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो. पॅप स्मिअर चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची. आतल्या अस्तरासाठी सोनोग्राफी आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) लागते.

मला जास्त खटकते ती घाई: बायोप्सीआधीच 'काढून टाका पिशवी.' अस्तराचा कॅन्सर आधी गर्भाशयाच्या स्नायूत शिरतो. निम्म्या जाडीपलीकडं गेला की लिम्फ नोडपर्यंत (लसिका गाठींपर्यंत) पोचायचा धोका वाढतो. शिवाय खाली तोंडाकडं, नळ्यांतून अंडाशयाकडं, रक्तातून फुप्फुसाकडं अशा वाटा आहेतच. आधी कळलेलं असलं तर सर्जन नळ्या, अंडाशय आणि गरजेप्रमाणे नोडही त्याच ऑपरेशनमध्ये काढतो. मागाहून कळलं तर कदाचित पोट पुन्हा उघडावं लागतं. सीरस नावाचा जहाल प्रकार तर स्नायूत फारसा न शिरताही पोटात पसरलेला सापडतो. तिथं बहुधा केमो लागते. कमी ग्रेडचा (पेशी फारशा न बिघडलेला), स्नायूत वरवरच असलेला मात्र बहुतेक वेळा ऑपरेशनवरच भागतो. कॅन्सर म्हटलं की केमोच, असं नाही.

फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ समजून दुर्बिणीच्या ऑपरेशनात गाठ पोटातच बारीक करत असतील, तर आधी विचारा. ती सार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या भागाचा कॅन्सर निघाली तर पेशी पोटभर विखुरतात. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं) २०१४ मध्येच तसा इशारा दिलाय.

आता आमचीच चूक. पिशवी काढलेल्या मावशीची फाईल घेऊन कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी पानं उलटली आणि विचारलं, 'ब्लॉक कुठं हाय?' आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायलोय. ब्लॉक म्हणजे काढलेल्या भागाचा तुकडा मेणात बसवलेली, काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट. ग्रेड पुन्हा बघायचा, पी५३ सारख्या (पेशीतल्या जनुकांचा बिघाड शोधणाऱ्या) तपासण्या करायच्या, तर त्यातूनच. २०२३ पासून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या स्टेजिंगमध्येही (कॅन्सरचा टप्पा ठरवण्यातही) असे रेणवीय, म्हणजे जनुकांच्या बिघाडावरून ठरणारे प्रकार धरतात. आमचा ब्लॉक बेळगावच्या लॅबमध्येच होता. दुसऱ्या दिवशी परत हायवे.

डिस्चार्जच्या दिवशीच विचारा: काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला गेली का, ब्लॉक आणि स्लाइड (तपासणीच्या काचपट्ट्या) कुणाकडं आहेत? हातात मिळाले की डब्यात ठेवा. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नको, मेण मऊ पडतं.