पेंट रिमूव्हरच्या कंपनीत पैसे घालण्याआधी डबा तपासा

बडोद्यात मकरपुरा किंवा नंदेसरीतली एखादी लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ‘पर्यावरणपूरक पेंट रिमूव्हर’साठी भांडवल मागत असेल, तर ताळेबंदाआधी तिचा माल तपासा. डबा दुकानातून विकत घ्या. कंपनीने हातात दिलेला नमुना नको.

आधी सेफ्टी डेटा शीटचा, म्हणजे मालाच्या सुरक्षा-माहितीपत्रकाचा, तिसरा विभाग वाचा. त्यात घटक दिलेले असतात. सीएएस क्रमांक म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक. ७५-०९-२ म्हणजे मिथिलीन क्लोराइड हे द्रावक. ते ४० अंशांच्या आतच उकळतं आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ८७२-५०-४ म्हणजे एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) हे द्रावक, गर्भाला घातक. पहिलं काढून दुसरं घातलं की माल पर्यावरणपूरक होत नाही. घटकांच्या जागी नुसतं ‘गोपनीय’ लिहिलं असेल तर गोपनीयतेचा करार करून नावं मागा. तरीही मिळाली नाहीत तर विषय तिथेच सोडा.

बेंझिल अल्कोहोल किंवा डायबेसिक एस्टर या पर्यायी द्रावकांवरचा माल असेल तर चाचणी घ्या. सिंथेटिक इनॅमल, पीयू (पॉलियुरेथेन) आणि पावडर कोटिंग असे रंग दिलेल्या तीन पूर्ण वाळलेल्या पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर १ मिमी थर लावून प्लास्टिकने झाका आणि अर्ध्या तासाने, २, ४ व २४ तासांनी खरवडून बघा. हे रिमूव्हर मिथिलीन क्लोराइडपेक्षा सावकाश चालतात, त्यामुळे रात्रभर लागणं हा दोष नव्हे. ‘दहा मिनिटांत सगळं साफ’ अशी जाहिरात मात्र संशयास्पद.

दुसरा सीलबंद डबा ४५ अंशांना १४ दिवस ठेवा. इथल्या उन्हाळ्यातलं गोदाम याहून फारसं थंड नसतं. पाणी वेगळं झालं, जेल पातळ पडली, तर फॉर्म्युला कच्चा आहे. एस्टर पाण्याशी विघटित होऊन आम्ल तयार होतं आणि पत्र्याचा डबा आतून गंजतो. कडू बदामासारखा वास वाढला असेल तर बेंझिल अल्कोहोलचं ऑक्सिडेशन सुरू झालंय. असा माल दुकानातून परत येतो आणि लहान कंपनी तिथेच बुडते.

भाव लिटरवर तोलू नका. १ मिमी थराला चौरस मीटरमागे १ लिटर लागतो. त्याला थरांच्या संख्येने आणि लिटरच्या दराने गुणा. दोन थर लागणारा स्वस्त माल महागच पडतो. घरगुती गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. पावडर कोटिंगवाल्यांना वस्तू टांगायचे हुक आणि जिग सतत साफ करावे लागतात, म्हणून १२ महिन्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) तीच नावं पुन्हा येतात का ते पाहा.

जीपीसीबीच्या (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतिपत्रात हेच उत्पादन आणि विक्रीला पुरेल इतकी मासिक क्षमता हवी. निघालेल्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो गाळ गटारात सोडायला सांगणारी कंपनी नको.

पैसे बँकेतूनच द्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार ६० दिवसांत शेअर वाटप व्हायला हवं, आणि वाटप होऊन पीएएस-३ हा वाटपाचा फॉर्म भरेपर्यंत कंपनीला ती रक्कम वापरता येत नाही. खासगी कंपनीचे शेअर बाजारात विकता येत नाहीत, म्हणून बाहेर पडण्याच्या अटी नुसत्या करारात ठेवू नका. आर्टिकल्समध्येही (कंपनीच्या नियमावलीतही) घालून घ्या आणि दुरुस्त केलेली प्रत एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर दिसल्यावरच पैसे सोडा.