कोकणातील छोट्या व्यावसायिकांनो, वेबसाइट सांभाळताना या चुका टाळा

कोकणातील घरगुती निवास, आंबा बागायतदार, काजू-कोकमाचे प्रक्रिया उद्योग आणि खानावळी यांच्या वेबसाइट बंद पडतात किंवा निरुपयोगी ठरतात, तेव्हा त्यामागे अवघड तांत्रिक बिघाड क्वचितच असतो. वेबसाइट कोणाच्या नावावर आहे, तिचे पैसे कधी भरायचे आहेत आणि तिच्यावर लिहिलेले आजही खरे आहे का, हे पाहण्याची जबाबदारी घरातील कोणीच घेतलेली नसते. हापूसचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. त्यातले आठ दिवस वेबसाइट बंद राहिली, तर तुटलेले गिऱ्हाईक पुढच्या मोहोरापर्यंत परत मिळत नाही. म्हणून खाली सांगितलेली तपासणी हंगाम तोंडावर येण्यापूर्वीच करावी.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर ठेवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. वेबसाइट बहुधा मुंबई-पुण्यातील एखादा नातेवाईक किंवा तालुक्याच्या गावातील ओळखीचा तरुण तयार करून देतो आणि सोय म्हणून डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, नोंदणी स्वतःच्याच ईमेलवर व मोबाइल क्रमांकावर करतो. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो. परंतु दोन-तीन वर्षांनी तो नोकरी बदलतो, जुना क्रमांक बंद होतो आणि ओटीपी कोणाकडे जातो हेच कळेनासे होते. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत मुदतीच्या सुमारे एक महिना आणि एक आठवडा आधी सूचना पाठवणे डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांनुसार नोंदणी कंपनीला बंधनकारक आहे, पण ती सूचना नोंदवलेल्या ईमेलवरच जाते आणि तो ईमेल उघडणारे कोणी उरलेले नसते. मुदत संपून कंपनीने नाव वगळले, की पुढचे ३० दिवस ते फक्त जुन्या नोंदणीधारकाला, तेही बरेच जादा शुल्क भरून, सोडवून घेता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येते. पेट्यांवर, पिशव्यांवर आणि रस्त्याकडेच्या फलकावर छापलेला पत्ता अशा वेळी परक्याच्या हाती जातो.

यावर उपाय एकच आहे. डोमेनचे खाते स्वतःच्या नावावर, स्वतः रोज पाहतो त्या ईमेलवर आणि स्वतःच्या क्रमांकावर आजच वळवून घ्यावे. स्वयंचलित नूतनीकरणावर पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण कार्ड बदलले किंवा बँकेची परवानगी नव्याने द्यावी लागली, की ते गुपचूप अडते. डॉट कॉम आणि डॉट इन ही दोन्ही नावे एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदवता येतात. शक्य असल्यास तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरलेले बरे. डोमेन, होस्टिंग (वेबसाइट ठेवलेली भाड्याची जागा) आणि वेबसाइटचे प्रशासक खाते (जिथून मजकूर बदलता येतो ते) या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचे तपशील घराच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवावेत.

याच संदर्भात आणखी एक तपासणी आवश्यक आहे. गूगलच्या व्यवसाय नोंदीतून फुकट तयार होणारी एकपानी वेबसाइट अनेकांनी वापरली होती. गूगलने ती सुविधा मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि तिथून व्यवसाय नोंदीकडे वळवण्याची सोयही त्याच वर्षी जूनमध्ये थांबवली. आपल्या फलकावर किंवा व्हिजिटिंग कार्डावर तो जुना पत्ता असेल, तर तो आज कोठेही पोहोचत नाही.

मजकूर शिळा होऊ देणे

पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद असतात; तरीही तारकर्ली परिसरातील निवासाच्या पानावर ‘बाराही महिने स्कूबा डायव्हिंग’ असे लिहिलेले असेल, तर जुलैमध्ये सहा तासांचा प्रवास करून आलेला पाहुणा रागावणारच आणि तो राग अभिप्रायात उतरणार. गेल्या वर्षीचे पेटीचे दर, बंद झालेला दूरध्वनी, गणपतीत आणि शिमग्यात घरचे लोक सुट्टीवर असताना ‘चालू’ दाखवलेली वेळ, हे सगळे त्याच प्रकारात मोडते. गूगलच्या व्यवसाय नोंदीत सणांच्या दिवसांसाठी वेगळ्या वेळा भरता येतात, तेवढे तरी करावे.

नकाशावरील खूण विशेष काळजीने तपासावी, कारण कोकणात सारख्या नावांची गावे आणि वाड्या पुष्कळ आहेत. कासवांसाठी प्रसिद्ध असलेले वेळास मंडणगड तालुक्यात आहे, तर दुसरे वेळास श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ आहे. दोहोंच्या मध्ये बाणकोटची खाडी आहे आणि खूण चुकली तर पाहुण्याला वेसवी-बागमांडल्याची फेरीबोट पकडून उलट यावे लागते. खूण स्वतःच्या अंगणात उभे राहून लावावी आणि पानावर वाडी, तालुका व जवळची ठळक जागा शब्दांत लिहावी.

दर, पत्ता आणि फोन क्रमांक असलेले रंगीत पत्रक चित्ररूपात चढवून तेवढ्यावर भागवणे हीसुद्धा चूकच आहे. चित्रातील क्रमांकावर बोट ठेवून फोन लागत नाही आणि तो मजकूर शोधात येण्याची शाश्वतीही राहत नाही. शिवाय मोबाइलवर काढलेले छायाचित्र सहज चार-पाच एमबीचे असते. अशी दहा छायाचित्रे एका पानावर असतील, तर घाटात किंवा खाडीकाठी नेटवर्क कमी असताना ते पान उघडतच नाही. छायाचित्रे चढवण्याआधी दोन-तीनशे केबीपर्यंत लहान करावीत.

मागणी येत नाही असे वाटणे

फेब्रुवारीत आगाऊ नोंदणीचा अर्ज पानावर लावला, पण एकही मागणी आली नाही, अशी तक्रार अनेक बागायतदार करतात. पुष्कळदा मागण्या आलेल्या असतात, मात्र त्या स्पॅममध्ये पडलेल्या किंवा वाटेतच नाकारलेल्या असतात. अर्ज भरणाऱ्या गिऱ्हाइकाचा जीमेल पत्ताच प्रेषक म्हणून लावण्याची मांडणी पुष्कळ वेबसाइटवर असते. आपल्या सर्व्हरला त्या पत्त्यावरून पत्र पाठवण्याची परवानगी नसल्यामुळे जीमेलला ते पत्र बनावट वाटते. म्हणून प्रेषकाच्या जागी आपल्या डोमेनचा पत्ता द्यावा, गिऱ्हाइकाचा पत्ता ‘उत्तर द्या’च्या रकान्यात ठेवावा, पत्रे एसएमटीपीमार्फत, म्हणजे आपल्या ईमेल खात्यात रीतसर प्रवेश करून, पाठवावीत आणि पत्र खरोखर आपल्याच डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी डोमेनला जोडून घ्याव्यात. त्यानंतर शेजाऱ्याच्या मोबाइलवरून अर्ज स्वतः भरून पाहावा. अर्जाशेजारी व्हॉट्सअॅपचा दुवा ठेवला, तर एक वाट बंद पडली तरी दुसरी उघडी राहते.

वेबसाइट उघडत नसेल तर

घाईने नवी वेबसाइट करायला टाकू नये. आधी पडद्यावर काय दिसते ते नीट वाचावे. पत्ताच सापडत नाही असा संदेश असेल, तर प्रथम डोमेनची मुदत पाहावी. ‘सुरक्षित नाही’ किंवा प्रमाणपत्राचा इशारा असेल, तर वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारे एसएसएल प्रमाणपत्र संपले असण्याची शक्यता मोठी असते; लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रे साधारणपणे ९० दिवसांची असतात आणि त्यांचे आपोआप होणारे नूतनीकरण थांबले, की हा इशारा येतो. ५०० क्रमांकाची चूक दिसत असेल, तर नुकतेच अद्ययावत केलेले प्लगिन (वेबसाइटला जोडलेली पूरक प्रणाली) बंद करून पाहावे. मोबाइलवरून आलेले गिऱ्हाईक भलत्याच जाहिरातीकडे वळत असेल, तर वेबसाइटमध्ये कोणीतरी शिरकाव केलेला आहे असे समजावे: सर्व पासवर्ड बदलावेत, अनोळखी प्रशासक खाती काढावीत आणि शिरकावापूर्वीचा बॅकअप परत चढवून वर्डप्रेस (वेबसाइट ज्यावर चालते ती प्रणाली) व प्लगिन लगेच अद्ययावत करावेत. हा बॅकअप होस्टिंगवर असून भागत नाही, त्याची एक प्रत घरच्या संगणकावर हवी.

प्रसिद्धीतील चुका

चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे आणि त्यामुळे खरे अभिप्रायही संशयात येतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. बाहेरचा आंबा त्या नावाने विकणे हा गिऱ्हाइकाचा आणि शेजारच्या बागायतदाराचाही विश्वासघात आहे. आपल्या बागेचे, आपल्या आढीचे साधे छायाचित्र दुसरीकडून उचललेल्या देखण्या छायाचित्रापेक्षा अधिक काम करते, हे माझे ठाम मत आहे.

जाहिरातीवर पैसे खर्च करताना, जिथपर्यंत पेटी सुस्थितीत पोहोचते तेवढीच शहरे निवडावीत आणि दुवा थेट नोंदणीच्या पानाचा द्यावा. पेट्या संपतील त्याच दिवशी जाहिरात थांबवून पानावर ‘यंदाची नोंदणी पूर्ण झाली’ असे लिहावे आणि पुढच्या हंगामासाठी नाव व क्रमांक ठेवण्याची सोय तिथेच करावी.