घोडीचा विमा मी कसा निवडला

माझी घोडी चौदा वर्षांची आहे. विमा शोधताना मी आधी हप्ता पाहिला नाही. कोणता खर्च मला अजिबात झेपणार नाही, तेवढं स्वतःला विचारलं. उत्तर एकच आलं, पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, आणि आतड्याला पीळ पडला तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेचं संरक्षण घेतलं, किरकोळ औषधपाण्याचा खर्च स्वतःकडे ठेवला. दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम आपण सोसायची तयारी ठेवली, की हप्ता सहसा उतरतो.

घोड्याचा वापर खरा सांगा. फेरफटक्यासाठी म्हणून नोंदवलेला घोडा उडीच्या स्पर्धेत जखमी झाला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. जुनं लंगडणंही लपवू नका. माझ्या घोडीचा पुढचा डावा पाय पॉलिसीतून वगळलाय. वाईट वाटलं, पण बाकीच्या शरीराला तरी संरक्षण मिळालं.

मृत्यूची भरपाई ठरलेल्या रकमेची की त्या वेळच्या बाजारभावाची, हे लेखी घ्याच. म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत फार फरक पडतो. घोड्याने कुणाला लाथ मारली तर त्याची भरपाई कोण देणार, हेही विचारा. प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर दावा करता येत नाही तो सुरुवातीचा काळ, किती, ते सही करण्याआधी पाहा.